एक अक्षर जास्त

पाच पोथ्यांच्या झेरॉक्स जेवायच्या टेबलावर.
ऐरोली, सेक्टर आठ, दुसरा मजला.
पदाजी मढवी खुर्चीच्या कडेवर बसलेत,
दिवागावच्या खारदेवीचे विश्वस्त,
गुडघ्यावर हेल्मेट.
त्यांना एकच विचारायचंय:
"म्याडम, त्यो एकेचाळिसावा श्लोक
मागारून कोनी घातला आसंल, नाय का?
देवी आशी कशी बोलंल?"

एकेचाळिसावा म्हणतो,
मीठ ओढणाऱ्यांनी कुंडाला शिवू नये.
शिवल्यास त्यांचं काय करावं, तेही म्हणतो.
ते मी मोठ्यानं वाचलं नाही.

चौदा महिने मी हेच शोधते आहे.
वृत्त तपासलं. बिनचूक.
मागच्यापुढच्या श्लोकांशी सांधा चाचपला,
गवंडी नव्या फरशीवर बोट फिरवतो तसा.
बोट कुठे अडत नाही.
पनवेलच्या उपाध्यांकडे आहे, चेंदणीच्या पोथीत आहे,
आणि वाळवीनं जी अर्धी संपवली
तिच्यात नेमका हाच तेवढा शाबूत.
पाचही ठिकाणी तीच एक वेलांटी चुकलेली.
म्हणजे एकाच आईची लेकरं.

"आसंल," एवढं म्हणायला काय जात होतं?
आपल्याला लाज वाटली की श्लोक नंतरचा.
माझ्या वडिलांनी जन्मभर हेच केलं.
जे जे टोचलं ते क्षेपक,
जे उरलं त्याची मऊ उशी केली
आणि गाढ झोपले.

कठीण पाठ जुना, सोपा पाठ नवा,
असं मी वर्गात शिकवत आले.
कठीण म्हणजे व्याकरणाला कठीण,
जिवाला नव्हे,
हे कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही.

आणि मग तो दुसरा.
बेचाळिसाच्या शेजारी, समासात, आडवा,
एकाच पोथीत, शाईही निराळी.
भर दुपारी देवी उपाशी हिंडत येते.
देवळात पडदा ओढलेला.
मिठागरावरची बाई तिला आपल्यातली
अर्धी तांदळाची भाकर देते, वर भाजलेला बोंबील,
आणि देवी तिचा भेगाळलेला तळवा बघून म्हणते,
वरून मीठ नको.

क्रियापद चुकलंय.
तिसऱ्या चरणात आठाच्या जागी नऊ अक्षरं.
हा नंतरचा, यात शंकाच नाही.
संस्कृत जेमतेम येणारा कुणीतरी
एकेचाळिसावा वाचून थांबला असेल,
पान उलटवलं नसेल त्याच्यानं.
किंवा तिच्यानं. अक्षरावरून ते कळत नाही.

मढवींना मी दोन्ही सांगितलं.
तुम्हाला जो नको तो मूळचा.
देवळाच्या भिंतीवर तुम्ही जो ऑइलपेंटनं लिहिलाय,
पालखीच्या रात्री पोरं जो ओरडून म्हणतात,
तो घातलेला.

ते खिडकीबाहेर बघत राहिले.
खाली रिक्षा लागल्या होत्या, पलीकडे बदाम,
त्याही पलीकडे खाडीचा एक करडा तुकडा.
"ही तुमची बिल्डिंग हाय ना,
हितं माझे आजाचा मिठागर व्हता.
ट्रकांवर ट्रक माती वतली तवा ही जमीन झाली.
म्हंजे म्याडम, तुमी पन मागारून घातलेल्या."
हसले नाहीत. मीही नाही.
निवलेला चहा एका घोटात संपवून
जिन्यात हेल्मेट घालत उतरले.

रात्री टीप लिहायला बसले.
समासातल्या श्लोकाला चौकोनी कंस घातला,
पुरावा तो पुरावा.
एकेचाळिसाव्याला कंस नाही.
तो तिथंच राहील, उघडा,
ज्यांनी रचला त्यांच्या नावावर.

मग झोप येईना म्हणून
तिसरा चरण पुन्हा बोटांवर मोजला.
जास्तीचं अक्षर सापडलं: नः.
आमची.
ते काढलं की वृत्त सरळ बसतं,
अर्थालाही कुठे धक्का लागत नाही,
नुसती 'देवी' उरते.

दुरुस्ती सुचवली नाही.